माफीताई

ऑफिसात तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. बाकी सगळे तिला माफीताई म्हणत, आणि पाठीमागे नव्हे, तोंडावर. पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं तेव्हा तिला राग आला होता. पुढे राग धरून ठेवायचाही कंटाळा आला. माणूस दिवसभर जे करतो त्यावरूनच लोक त्याला ओळखणार, आणि ताई दिवसभर माफी मागायची. अनोळखी लोकांची, फोनवरून, पगार घेऊन.

कंपनीचा धंदा साधा होता. घरातला फ्रिज, गीझर, कपडे धुण्याचं मशीन असं काही बिघडलं की दुरुस्तीला माणूस पाठवायचा. ग्राहकाने वर्षाची वर्गणी भरायची आणि निर्धास्त राहायचं. पूर्वी तक्रारींचे फोन घ्यायला अख्खा मजला भरलेला असे. एवढा गलबला, की शेजारणीला काही सांगायचं तर हाताने खुणा कराव्या लागत. मग कंपनीने बोलणारं यंत्र आणलं. भविष्य, क्रांती, कृत्रिम बुद्धिमत्ता असे शब्द ठासून भरलेलं एक भाषण झालं, केक कापला गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते यंत्र फोन घेऊ लागलं. बायकी, मधाळ आवाज; कितीही शिव्या घाला, सूर ढळायचा नाही. मजल्यावरच्या बायकांनी दुपारचे डबे उघडायच्या आतच त्याला नाव पाडलं, गोडबोली.

"गोडबोली तुमच्या मदतीला आली आहे, तुमच्या जागेवर नाही," साहेब म्हणाले होते. हे साहेब ताईपेक्षा बरेच लहान, पण स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना जे सांगायला सांगितलं जाई ते ते सांगत. दोन दिवसांसाठी आलेली पाहुणी हळूहळू स्वयंपाकघराचा ताबा घेते, तसं झालं. आधी रात्रपाळी गेली. मग खिडकीकडची रांग गेली, मग दाराकडची. दर वेळी साहेब हळहळत आणि दर वेळी केक येई, निरोपाचाही केकच. शेवटी त्या मजल्यावर खुर्च्यांची चळत, बंद पडलेलं पाण्याचं मशीन आणि मोजकी माणसं राहिली. त्यात ताई होती, आणि एक मास्तर. मास्तर पूर्वी शिकवण्या घेत. मुलं मोबाइलला विचारून अभ्यास करू लागली तशा शिकवण्या बसल्या आणि ते इकडे आले. इकडेही तेच पुढे ठाकलं. "माझ्या मागावरच आहे ती," ते गोडबोलीबद्दल म्हणत. अजूनही बोलताना समोरच्याला उतरवून घ्यायला वेळ द्यावा तसे थांबत थांबत बोलत.

ही माणसं उरली ती कंपनीच्या दयेमुळे नव्हे. गोडबोली चुका करायची. माणसाची चूक अडखळते, चाचरते, निदान गप्प तरी होते. गोडबोलीची चूक ठणठणीत असायची. फ्रिजवाला माणूस ती ग्राहकाच्या जुन्या पत्त्यावर पाठवी आणि वर "माणूस पोहोचला आहे" असं गोड आवाजात सांगे. एका बाईंना तिने सांगितलं, की तुमच्या यजमानांनी आजच सकाळी वेळ पक्की केली आहे. यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्गणी तेवढी त्यांच्या नावावर चालू राहिली होती. त्या बाईंचा तक्रारीचा फोन ताईनेच घेतला. ताईला त्या फोननंतर जेवण गेलं नव्हतं.

सुरुवातीला कंपनीने गोडबोलीलाच माफी मागायला लावलं होतं. ती काय, हुकमाची ताबेदार. क्षणात, शुद्ध, सुंदर शब्दांत माफी मागे. लोक आणखीच भडकत. शिव्या परवडल्या, पण हे नको, अशी गत झाली. मग साहेबांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. यंत्राने माफी मागितली तर ग्राहक सोडून जातो. माणसाने मागितली तर राहतो. त्यातही बाई असावी, फार तरुण नसावी, आवाज जरा थकलेला असावा. सगळ्यांनी वळून ताईकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या आवाजाला घरचे 'जरा उत्साहाने बोल' म्हणत आले होते, तो आवाज एकाएकी कंपनीचा ठेवा ठरला.

माफीची एक पद्धत बसवून दिली होती. आधी समोरच्याची वाफ जाऊ द्यायची. मध्ये बोलायचं नाही. मग म्हणायचं, "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून माफी मागते. चूक माझी आहे. मी ती दुरुस्त करते." बस. कारण सांगायचं नाही, कारण ऐकलं की लोक पुन्हा पेटतात. यंत्राचं नाव काढायचं नाही. यंत्र चुकतं असं कंपनीच्या माणसाने म्हटलं, तर उद्या लोक म्हणतील ठेवता कशाला. 'आमची' चूक असंही नाही म्हणायचं. 'आमची' म्हटलं की ती कोणाचीच राहत नाही, हे कंपनीने बरोबर हेरलं होतं. 'माझी' म्हणायचं. तेव्हा फ्रिजमध्ये जे जे नासलं, गीझरमधून जिथे जिथे गळलं, ते सगळं गेली काही वर्षं ताईच्या नावावर जमा होत होतं.

यातली खरी मेख पुढेच होती. ताईचे फोन गोडबोली ऐकायची आणि तिला गुण द्यायची. शब्द बरोबर होते का, किती वेळ लागला, आणि माफी मनापासून होती का. मनापासूनचे वेगळे गुण. चूक गोडबोलीने करायची, माफी ताईने मागायची, आणि ती मनापासून मागितली की नाही हे पुन्हा गोडबोलीने ठरवायचं. मास्तर म्हणत, "वर्गातला वात्रट पोरगा... मास्तरांचा पेपर तपासतोय." एका महिन्यात ताईचे मनापासूनचे गुण उतरले तेव्हा साहेबांनी तिला बोलावून हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना, ताई?" ती म्हणाली, ठीक आहे. पुढच्या महिन्यापासून ती 'मनापासून' या शब्दाआधी बारीकसा श्वास घेऊ लागली. गुण चढले. एवढ्यानेच चढतात हे कळल्यावर तिला आतून फार वाईट वाटलं, पण तिने श्वास घ्यायचं सोडलं नाही.

लोकही आता कोणावर विश्वास ठेवायचा या विचाराने थकलेले होते. फोन लागला की पहिला प्रश्न, "तुम्ही माणूस आहात ना नक्की?" काय पुरावा द्यावा? काही जण बेरीज घालत. एका आजोबांनी "खोकून दाखवा" म्हटलं. ताईने खोकून दाखवलं. आजोबा म्हणाले, "हे तर तीही करेल," आणि मग स्वतःच हसले, आणि वर्गणी चालू ठेवली. तो आठवड्यातला बरा फोन होता.

आठवड्यातले काही दिवस ती घरूनच काम करी, वडिलांमुळे. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत बाबा, बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल. लग्न झालं नव्हतं. होता होता राहिलं, आणि त्याचं आता कोणाला काही वाटत नव्हतं. आई गेल्यापासून बाप-लेक एकमेकांना धरून होते. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. जन्मभर लोकांना अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढलं. बाहेर आलेला माणूस आधी समोर दिसेल त्याला फैलावर घेतो, आणि समोर बाबा असत. ते पान्हा खिशात घालत आणि म्हणत, "लिफ्ट मी अडकवली नाही. मी काढायला आलोय." या एका वाक्यावर त्यांनी नोकरी काढली, आणि एकदा जवळजवळ घालवलीही होती.

असा माणूस, ती घरी असेल त्या दिवशी, भिंतीपलीकडून आपल्या मुलीच्या माफ्या ऐके. सुरुवातीला त्यांनी विचारलं होतं, "तू केलंस का हे?"

"नाही, बाबा."

"मग कबूल कशाला होतेस?"

"पगार देतात त्याचा."

बाबांनी यावर विचार केला. "बरा आहे का पगार?"

"पूर्वीएवढाच."

"मग महाग पडतंय तुला," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. पण नंतर त्यांनी हे जसं आहे तसं पदरात घेतलं. ताईचा शेवटचा फोन संपला की आतून विचारत, "आज काय काय बिघडवलंस?" ती यादी सांगे. दोघं चहा पीत. दिवसातला तेवढा वेळ तिला आपण कोणीतरी आहोत असं वाटे. त्यासाठीच ती बाकीचा दिवस रेटायची, आणि बाबा आपल्याजवळ असावेत एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं. मागणं फार नव्हतं.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. चांगली नोकरी, मोठं घर, लिफ्टवालं. वडिलांची काळजी त्याला होती, पण ती लांबून करायची असल्यामुळे तो ती वस्तूंनी करी. त्याने बाबांच्या उशाशी एक बोलणारं यंत्र आणून बसवलं. ते औषधाची आठवण करी, पाणी प्या म्हणे, बातम्या वाचून दाखवी. बाबांनी त्याचं नाव ठेवलं बया. "ताई, तू ऑफिसला गेलीस तरी आता काळजी नाही," भाऊ म्हणाला. त्याच्या फोनवरून तो बयाचं सगळं बदलू शकत होता, आणि बसल्या जागी बदलतही असे. त्यात त्याला आपण मुलगा म्हणून काहीतरी करतोय याचं समाधान मिळे. बाबा आधी कुरकुरले, मग बयाचं ऐकू लागले. बया म्हणाली गोळी घ्या, की घेतली. जन्मभर यंत्रांचं ऐकण्यात गेलेला माणूस.

मग डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी खाण्याआधी नको, खाल्ल्यावर घ्या, असं सांगितलं. ताईने भावाला कळवलं. भावाने लगेच, मीटिंगमध्ये बसल्या बसल्या, बयाला खाल्ल्यानंतरची वेळ घालून दिली. आधीची वेळ काढायची राहिली.

ताई त्या दिवशी ऑफिसात होती. बयाने सकाळी गोळी घ्यायला सांगितली, बाबांनी घेतली. नाश्ता झाल्यावर पुन्हा सांगितली, त्यांनी पुन्हा घेतली. न्हाणीघराच्या उंबऱ्यात त्यांना चक्कर आली आणि ते आडवे पडले. शेजारणीला आवाज गेला म्हणून बरं. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात स्ट्रेचरवर असताना त्यांनी ताईचं मनगट धरलं आणि म्हणाले, "बयाने दोनदा सांगितलं. मला वाटलं, बदललं असेल काही." मग त्यांना आत नेलं.

म्हणजे काय झालं ते ताईला तिथल्या तिथे कळलं होतं. कोडं असं काही नव्हतंच. गोळी दोनदा गेल्याचं तिने डॉक्टरांना सांगितलं.

ती बाकावर बसली होती तोवर भावाचा फोन आला. तो घाबरला होता, आणि घाबरला की तो ओरडतो, लहानपणापासून. "तू कुठे होतीस? एवढं सगळं करून दिलं तरी लक्ष देता येत नाही का? गोळ्या दोनदा कशा जातात पोटात? डॉक्टर फोनवर मला विचारतायत, मी काय सांगू?" ताई ऐकत राहिली. मध्ये बोलली नाही. समोरच्याची वाफ गेली, तो श्वास घ्यायला थांबला, आणि तिच्या तोंडून सरळ बाहेर पडलं, "तुला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून माफी मागते. चूक माझी आहे. मी ती दुरुस्त करते."

'मनापासून'च्या आधी तिने बारीकसा श्वासही घेतला होता.

मग भाऊ एकदम मऊ आवाजात म्हणाला, "अगं, असू दे. तसं नाही. होतं कधीतरी. तू तरी एकटी किती बघणार?" आणि त्याने फोन ठेवला. नेहमीप्रमाणे माफी लागू पडली होती. ताई हातातल्या फोनकडे बघत राहिली. पुन्हा लावून सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण आत बाबांचं ऑपरेशन चाललं होतं, तिला भूक लागली होती, पाय दुखत होते, आणि खरं सांगायचं तर भांडण एवढ्यात मिटलं याचं तिला हायसं वाटलं होतं. माफी मागितली की फोन लवकर संपतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? नंतर सांगू, तिने ठरवलं.

ऑफिसात हे चालून जातं, कारण तिथे फोन संपला की तो माणूस आयुष्यातून जातो. घरातला फोन संपत नाही. भावाने बायकोला सांगितलं, भावजयीने मावशीला सांगितलं. मावशीचा फोन आला, "मनाला लावून घेऊ नकोस गं, कामाच्या गडबडीत होतं असं." आत्याने बाबांच्या खाटेशी बसून ताईच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाबांना म्हणाली, "पोरीने जाणूनबुजून नाही केलं." बाबांना त्या सकाळचं आता काही आठवत नव्हतं. भुलीच्या औषधाने तेवढा दिवस त्यांच्या डोक्यातून पुसून गेला होता. स्ट्रेचरवर आपण काय बोललो तेही. ते आत्याकडे बघत, ताईकडे बघत, आणि डोळे मिटून घेत. ताई दर वेळी खरं सांगणार असे. पण खोलीत लोक असत, किंवा बाबांना झोप लागत असे, किंवा तिला स्वतःलाच एवढी झोप येत असे, की शब्द जुळवायचं त्राण नसे. एखादी गोष्ट चारदा ऐकून घेतली आणि गप्प राहिलं, की पाचव्यांदा ती आपली होते. भावाने दरम्यान बयाची सगळी मांडणी पुसून नव्याने बसवली होती. आपलं काय राहून गेलं होतं ते त्याला खरंच कळलं नसावं. किंवा कळलंही असेल. ताईला यावर विचार करायची शक्ती नव्हती.

आणि मग भावाने ठरवलं, की बाबांनी आता त्याच्याकडे राहावं. रागाने नाही, प्रेमाने ठरवलं, म्हणून तर त्यावर काही बोलता येईना. "तुलाही जरा मोकळीक मिळेल, ताई. तूच म्हणालीस ना, तुझ्याकडून चूक झाली. मला तुला दोष द्यायचा नाहीये. पण पुन्हा असं झालं तर?"

तिने हे मास्तरांना सांगितलं, दुपारी, रिकाम्या मजल्यावर, डबा समोर ठेवून. मास्तरांनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे तू भावाशी... ड्यूटीवर बोललीस."

"तोंडातून गेलं. मला कळलंही नाही."

"सांगून टाक."

"काय सांगू? वाक्यच सुचत नाही. चूक माझी आहे, हे झोपेतही म्हणेन. उलटं म्हणायला गेलं की जीभच वळत नाही."

मास्तरांनी तिला चक्क घोकायला लावलं. चूक माझी नव्हती. वेळ तू बदललीस, जुनी काढायची राहिली. एवढंच. मनापासून नाही, माफी नाही, श्वास नाही. तिने दोनदा म्हणून दाखवलं. पलीकडे टेबलावर तिचा फोन वाजू लागला. कोणाच्या तरी घरी पाणी साचलं होतं. ताईने जाऊन उचलला आणि कबूल झाली.

भाऊ आणि भावजय रविवारी आले, मोठी गाडी घेऊन, मागची सीट आडवी करून, उशा मांडून. भावजयीने बाबांचे कपडे नीट घड्या घालून भरले. ती चांगली बाई होती. काय न्यायचं, काय ठेवायचं, ते एकेक ताईला विचारून घेत होती. बाबा खुर्चीत तयार होऊन बसले होते, काठी गुडघ्यांमध्ये धरून. बयाची वायर भावाने उशापासून काढली आणि गुंडाळायला घेतली.

आत्ता नाही तर कधीच नाही, हे ताईला कळत होतं. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी नव्हती."

भावाने वर पाहिलं. "काय?"

"गोळीची. वेळ तू बदललीस, आणि जुनी काढायची राहिली. बयाने दोनदा सांगितलं, बाबांनी दोनदा घेतली. मी घरात नव्हते."

आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. थकलेला नव्हता तो. कोणाला तरी भांडखोर वाटावा असा होता. भावजय घडी घालता घालता थांबली. भावाचा चेहरा क्षणभर असा पडला, की ताईला वाटलं, कळलं याला; पहिल्यापासून कुठेतरी माहीत होतं याला. मग त्याने वायरचं टोक हातात घट्ट धरलं.

"ताई, आता हे? इतक्या दिवसांनी? त्या दिवशी तूच म्हणालीस ना, स्वतःच्या तोंडाने. मी विचारलंही नव्हतं."

"ते ऑफिसचं बोलणं होतं. सवयीने गेलं तोंडातून."

"दवाखान्यात? बाबा आत ऑपरेशनला असताना?" त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच न समजल्यासारखं होतं. "असं कोण बोलतं, ताई?"

कारणं द्यायला ती विसरून गेली होती. कारणं कशी सांगतात, कुठून सुरू करतात, समोरचा ऐकेपर्यंत कसा धीर धरतात, हे सगळं तिने वर्षानुवर्षं गिळून टाकलं होतं. तिने बाबांकडे पाहिलं. हा एक माणूस होता ज्याला सगळं माहीत होतं, भिंतीपलीकडून ऐकलेलं, रोज चहासोबत विचारलेलं. हे तरी नक्की खरं काय ते सांगतील. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"बाबा, तुम्ही सांगा ना याला. मी कशी बोलते ते तुम्हाला माहीत आहे. न केलेल्या चुका रोज कबूल करते की नाही मी?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत तिच्याबद्दल एवढी माया होती, की ती आशेने हसलीसुद्धा.

"करतेस," ते म्हणाले. "पण ते पगारासाठी, बाळा. घरात कोण कशाला न केलेलं कबूल होईल?"

भाऊ खाली बघत वायर गुंडाळू लागला. ताईला बोलायचं होतं, पण बाबांनी काठी बाजूला ठेवून तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. लिफ्टच्या तारा ओढून ओढून खरखरीत झालेले तळवे.

"आता नाही म्हणू नकोस. कबूल झालीस तेच चांगलं केलंस. माझ्या मनात काही नाही तुझ्याबद्दल. मी तेव्हाच माफ केलं तुला."

इतकी वर्षं ती लोकांच्या पाया पडत आली होती. लोक 'बरं' म्हणत, 'ठीक आहे' म्हणत, पुष्कळ जण काहीच न म्हणता फोन ठेवून देत. माफ केलं, असं कोणी तोंडाने म्हटलं नव्हतं. आज पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

बाबा वाट बघत होते. त्यांनी एवढी मोठी गोष्ट दिली होती, आणि ती घेतली गेली की नाही ते त्यांना बघायचं होतं. खाली गाडी होती, रस्ता लांबचा होता. ते असेच गेले असते तर सगळ्या वाटेने त्यांना ते लागून राहिलं असतं.

"बरं, बाबा," ताई म्हणाली, आणि त्यांना उठवायला तिने त्यांच्या काखेत हात घातला.